घोड्याला वशिंड देणारी कात्री

मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत नदी बोलते, वडाचं झाड बोलतं, फाटकी छत्री तर बोलता बोलता रडते. शाळेतला फळाही निवृत्त झाल्यावर मनोगत सांगतो. कात्रीला मात्र कुणी तोंड उघडू देत नाही. कात्री रिकामी वाजली की घरात भांडणं होतात, असं आपल्याकडं मानतात. मी बरीच वर्षं एका घरात आहे. तिथली सगळी भांडणं मी बंद तोंडानं ऐकली आहेत. त्यांतल्या एकालाही माझी मदत लागलेली नाही.

तर मी एक जुनी, पितळी मुठीची कात्री. पुस्तकात कात्री, आमच्या नागपुरात कैची. इतवारीतल्या एका दुकानात मी खिळ्याला टांगलेली होते. तिथून मला देवकीबाईंनी निवडलं. देवकीबाई खाप्याच्या, कन्हान नदीकाठच्या. त्या घरी झंपर आणि पोरींचे फ्रॉक शिवायच्या. त्यांनी मला कानाशी नेलं, एकदाच उघडून मिटलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हिचा आवाज नाही येत. हीच द्या." आवाज न करणं हा माझा पहिला गुण. त्याचं कौतुक करणारं माणूसही मला पहिलं आणि शेवटचं तेच भेटलं.

खाप्याला मी सुखात होते. सकाळी कापड, दुपारी कापड, संध्याकाळी तेलाचा एक थेंब आणि फडक्याची घडी. कागदाला मला लावलेलं देवकीबाईंना खपत नसे. कागदानं धार जाते. त्यांच्या मुलीला, प्रमोदिनीला, नेमका कागदाचाच नाद होता. आई नदीवर गेली की ती मला काढून वर्तमानपत्राची घडी घाली आणि जाळी कापी. आई परत येईपर्यंत मी फडक्यात आणि जाळी चुलीत.

प्रमोदिनीचं लग्न ठरलं तेव्हा पेच पडला. मुलीला कैची देत नाहीत, नातं तुटतं म्हणतात. देवकीबाईंनी मला मुलीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत सरकवलं आणि बजावलं, "कैची मी तुले देऊन नाही राहिली. चुकून ट्रंकेत राहून गेली, असं समज." अशी मी चुकून नागपूरला आले.

प्रमोदिनीबाईंचे यजमान वामनराव पाटबंधारे खात्यात होते. पुढं त्यांनी मनीषनगरात घर बांधलं. तिथं माझे चांगले दिवस आले. भाद्रपदात त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसतात. मखर प्रमोदिनीबाई स्वतः करायच्या, सगळं कागदाचं. वेली, कमळं, मोर, आणि मागं अशी जाळी की दिवा लावला की भिंतीवर सावलीचं दुसरं मखर उभं राही. बाया महालक्ष्म्यांना म्हणून यायच्या आणि मखराकडंच बघत बसायच्या. हळदकुंकवाची आठवण त्यांना करून द्यावी लागे.

श्रावण संपला की तान्हा पोळा यायचा. नागपूरची पोरं लाकडी बैल घेऊन मिरवतात, हे तुम्हाला सांगायला नको. प्रमोदिनीबाईंचा मुलगा ऋषी त्या बैलासोबत कागदी बैलांची अख्खी जोडीदार मंडळी मागायचा. त्यांनी इतके बैल कापले की त्यांचा हात डोळे मिटूनही बैलच काढू लागला. मित्रांनो, हे लक्षात असू द्या. पुढं कामाला येईल.

मग बाजारात तयार मखरं आली. उघडा, टेकवा, वायर लावा. ऋषी शिकायला गेला, नोकरीला सिंगापूरला गेला, आणि कागदी बैल मागणारं कुणी उरलं नाही. माझी बदली स्वयंपाकघरात झाली. दुधाची पिशवी, मसाल्याचं पाकीट, लोणच्याची पुडी. पाकीट फोडून झालं की मला ओट्यावर ओलंच टाकत. पितळ काळं पडलं, पात्यांवर गंज आला. तक्रार म्हणून सांगत नाही. नोकरीत असं होतं.

खरी इजा पुढं झाली. वामनराव निवृत्त झाले. निवृत्त माणसाला सकाळी एक फेरफटका आणि दिवसभर एक मोहीम लागते. ते वसाहतीचे सचिव झाले आणि त्यांनी चिनी मालाविरुद्ध मोहीम उघडली. अध्यक्ष भैयाजी. ते शेजारीच राहतात, त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दोघांनी फाटकावर बोर्ड लावायचं ठरवलं. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: 'या वसाहतीत चिनी वस्तूंना प्रवेश नाही.' बोर्ड ज्या यंत्रावर छापला ते कुठलं, हे कुणी विचारलं नाही. देशप्रेमात इतक्या खोलात जात नाहीत.

बोर्ड बांधायला लोखंडी तार होती. घरातली पक्कड भैयाजींनी कधीतरी नेली होती. वामनरावांनी ओट्यावरून मला उचललं आणि तारेवर घातलं. मी कट्ट केलं. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज आला. तार तुटली, बोर्ड बसला, आणि माझ्या पात्याला टोकाजवळ खाच पडली. भैयाजींनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

बोर्ड लागला त्याच हिवाळ्यात ऋषी सिंगापूर सोडून नागपूरच्याच मिहान उद्योगक्षेत्रातल्या नोकरीवर परत आला. सोबत बायको आली. तिचं नाव हुईमिन. तिचे आजोबा चीनमधून सिंगापूरला गेलेले. कुणी काही विचारण्याआधीच वामनराव सांगत, "सिंगापूर म्हणजे चीन नव्हे." दूधवाल्यालाही त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला, "हाव जी. अर्धा लिटर का एक?"

हुईमिन कमी बोलणारी. 'हाव', 'बस झालं' आणि 'आई' एवढं मराठी तिला पहिल्या महिन्यात आलं, आणि आमच्या घरात तेवढ्यावर भागतं. प्रमोदिनीबाईंना ती आवडली होती. पण पोरगी संध्याकाळी फोन घेऊन बसली की त्यांचा जीव खाली-वर होई. फोनवर तिकडची आई असे. लेक इतक्या लांब गेली हे त्या बाईंना मुळीच पटलेलं नव्हतं. त्या फक्त लेकीशी बोलत. तिच्या मागं सासरचं कुणी दिसलं की फोन बंद. त्यामुळं फोन वाजला की प्रमोदिनीबाई दाराआड जात आणि वामनराव फ्रिजच्या मागं. स्वतःच्या घरात लपायची दोघांना चांगली सवय झाली होती.

फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष येतं. त्यांचं दर वर्ष एका प्राण्याचं असतं, यंदा घोड्याचं होतं. आदल्या संध्याकाळी सगळं घर एकत्र जेवतं, दाराला लाल कंदील, भिंतीवर आणि खिडक्यांवर लाल कागदाची नक्षी. ऋषीनं आईला सांगितलं ते मी ओट्यावरून ऐकलं.

"तिच्या आईनं विचारलं, तिथं तुझ्यासाठी लाल कागदाचा एक तुकडा तरी कुणी लावंल का? नसंल लावत, तर पुढच्या वर्षी तू इकडंच ये."

"ये म्हणजे? चार दिवस?"

"ते नाही सांगितलं."

प्रमोदिनीबाईंनी भाजी ढवळली. बराच वेळ ढवळली. त्या भाजीला तेवढी गरज नव्हती.

हुईमिननं तिकडच्या आईला सांगून टाकलं होतं की भिंत लाल दिसेल. तिनं सगळं सामान मागवलं होतं: कंदील, नक्षी, कागद, कागदासाठी एक नाजूक कात्री. सणाच्या दोन दिवस आधी वामनराव फेरफटक्याहून फुलत आले.

"आपला चौकीदार हुशार निघाला वं! एक पार्सल आलं होतं, डब्यावर सगळी चिनी अक्षरं. फाटकावरूनच वापस केलं त्यानं. मी शाब्बास म्हटलं."

हुईमिनला सगळं कळलं नसेल, पण 'पार्सल', 'चिनी' आणि 'वापस' हे शब्द कुणालाही कळतात. ती खोलीत गेली. दारही तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"मले काय माहीत, तिचं हाय म्हणून!" वामनराव म्हणाले.

"तुमचा बोर्ड वाचूनच केलं ना त्यानं?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मग आता बोर्डच आणा फाटकावरचा आणि लावा भिंतीवर. लाल अक्षरं हायेतच त्याच्यावर."

"अवं, पण..."

"चिनी सून चालते, चिनी कागद चालत नाही. हे कसं हो?"

"सिंगापूर म्हणजे..."

"चीन नव्हे. दूधवाल्यालेही पाठ हाय. जा आता जुन्या शुक्रवारीच्या बाजारात. संक्रांतीचा पतंगाचा कागद उरला असंल कुणाकडं. लालच आणजा. हिरवा आणून, हाच होता म्हणून सांगू नका."

"आणि कैची? तिची कैची तर वापस गेली ना."

प्रमोदिनीबाई ओट्याकडं आल्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा अजून माझ्या पात्याला चिकटलेला होता. त्यांनी मला धुतलं, पुसलं, उजेडात धरलं. खाच दिसली. त्यांनी नवऱ्याकडं फक्त बघितलं. ते म्हणाले, "धार लावून आणतो."

मित्रांनो, असा योग पाहा. चिनी कात्रीला वसाहतीत बंदी, म्हणून चिनी नक्षीचं काम खाप्याच्या कात्रीला मिळालं. मोहिमेचा लाभ झालेली वसाहतीतली मी पहिली आणि एकमेव.

वामनराव मला खिशात घालून स्कूटरवर निघाले. धारवाल्यानं चाकावर मला घासलं. गंज गेला, पातं लखलखलं. खाचेवर बोट फिरवून तो म्हणाला, "ये नहीं जाएगा साहब, गहरा है. तार काटा क्या?" वामनराव रस्त्याकडं पाहत राहिले. पतंगाच्या दुकानात माळ्यावरून लाल तावांची गुंडाळी निघाली. कडा थोड्या उंदरानं खाल्लेल्या, बाकी लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी दिवाणखान्यात सतरंजीवर बसल्या. मैद्याची खळ केली. हुईमिननं ताव घेतला, दुमडला, परत दुमडला. पुढची घडी घालण्याआधी प्रमोदिनीबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. आता कोन्यातून ना?"

"हाव," हुईमिन म्हणाली.

तीच घडी. आई नदीवर गेली की खाप्याला घातलेली, महालक्ष्म्यांच्या मखराला घातलेली. मी कागदात शिरले. काय सांगू! लोणच्याच्या पुडीतून उठून मी परत माझ्या कामावर रुजू झाले होते. हुईमिननं मासे कापले, प्रमोदिनीबाईंनी माशाभोवती कमळाची वेल दिली. मला एकमेकींच्या हातात कुणी दिलं नाही. एक खाली ठेवी, दुसरी उचली. प्रमोदिनीबाईंचा तो नेमच. हुईमिन हे त्यांचं बघून करत होती की तिच्याही घरी असंच असतं, हे मला विचारता आलं नाही.

कागदाला चिरा देऊन, गुंडाळून हुईमिननं कंदील केले. वामनराव स्टुलावर चढून ते दारावर टांगायला लागले. दोरा तोडायला ते मला मागणार होते. मग स्वतःच म्हणाले, "राहू दे, दातानं तोडतो." माणसाला समज येते, उशीर लागतो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून भैयाजी आले.

"वामनराव, हे काय लावून राहिले? चिनी कंदील? सचिवाच्या दारात?"

वामनराव स्टुलावरून उतरले नाहीत. "कागद जुन्या शुक्रवारीचा. कैची खाप्याची. खळ आमच्या घरच्या मैद्याची. दाखवा, चिनी काय हाय त्याच्यात?"

"पण दिसते तर चिनीच ना गा!"

"सूनही तशीच दिसते, भैयाजी. तिलेही फाटकावरून वापस करू का?"

मी सतरंजीवर होते. हुईमिनच्या हातातला कागद थांबला. भैयाजींनी डोकं खाजवलं, कंदिलाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"तसं नाही म्हटलं बाप्पा मी. मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, तुमच्या दुकानातल्या दिव्यांच्या माळांवर काय लिहिलं हाय ते आधी वाचून या म्हणा."

भैयाजींनी स्टूल धरलं, कारण ते हलत होतं. मग चहा घेतला आणि गेले. पक्कडीचा विषय कुणी काढला नाही.

आता फक्त घोडा उरला होता, आणि एकच ताव. "आई, हॉर्स तुम्ही," हुईमिननं खुणेनं सांगितलं. एवढ्या नक्षीत मान प्रमोदिनीबाईंनी मिळवला होता. त्या सावरून बसल्या. पाय झाले, शेपूट झाली, मान वळवली आणि त्या पाठीवर आल्या. तिथं माझी खाच कागदात अडली. कागद फाटू नये म्हणून त्यांनी चटकन वरून वळसा घेतला. घडी उलगडली. घोड्याच्या पाठीवर एक छान गोल उंचवटा होता. बाकीचं काम इतक्या वर्षांच्या हातानं आपोआप केलं होतं. मान जाड, पाय आखूड, डोळा शांत.

वामनराव वाकून म्हणाले, "वा! तान्ह्या पोळ्याचा बैल!"

"घोडा हाय तो."

"वशिंड हाय ना त्याले."

"ते तुमच्या तारेनं दिलं!"

हुईमिन ओठ दाबून बघत होती. दुसरा कागद नव्हता. घोड्याचं वर्ष, आणि भिंतीच्या मधोमध बैल. प्रमोदिनीबाई हळूच म्हणाल्या, "नको लावू, बेटा. हसतील तुझ्या आई." हुईमिननं खळ लावली आणि तो मधोमध चिकटवला. हात काढते न काढते तोच फोन वाजला. तिकडं जेवणाची वेळ झाली होती, इकडं ऊन अजून खिडकीत होतं.

प्रमोदिनीबाई दाराआड. वामनराव फ्रिजमागं. ऋषी कामावरून अजून यायचा होता. मी खालीच, सतरंजीवर. हुईमिननं फोन भिंतीसमोर धरला.

मग तिकडची आई काहीतरी बोलली. मला ती भाषा येत नाही. हुईमिननं मान वळवली. तिचा चेहरा रडावं की हसावं असा झाला होता.

"आई," तिनं दाराकडं बघून विचारलं, "माय मदर... घोडा का बैल?"

"घोडा!" दाराआडून आवाज आला.

"बैल!" फ्रिजमागून आला.

दोघांनीही तोंडावर हात ठेवले, पण उशीर झाला होता. आता बंद होणार. मित्रांनो, मी ते कट्ट ऐकायला तयार होते.

फोन बंद झाला नाही. त्यातून हसू आलं. आधी एकटं, मग मागच्या जेवणाच्या टेबलावरचं सगळं घर हसायला लागलं. आईंनी परत काही विचारलं. हुईमिननं दाराआडून एकीला आणि फ्रिजमागून एकाला ओढून आणलं. वामनरावांनी नमस्कार केला. हातात चुकून दोऱ्याची रीळ होती, तिच्यासकट केला.

तिकडच्या आईंनी वेल पाहिली, जाळी पाहिली, फोन जवळ नेऊन परत पाहिली. ही कशानं कापली, असं विचारलं असावं, कारण प्रमोदिनीबाईंनी मला उचलून फोनसमोर धरलं. इतक्या लांबच्या माणसानं मला पहिल्यांदाच बघितलं. मी चकाकत होते, खाच सोडून.

आणि मग त्या एकदम कडक आवाजात बोलल्या. लेकीशी नाही, सरळ प्रमोदिनीबाईंशी. हुईमिन घाईघाईनं सांगू लागली. मराठी पुरलं नाही तेव्हा इंग्रजी, ते पुरलं नाही तेव्हा हात. उद्या पहिला दिवस. उद्या घरात कात्री, सुरी काही चालवायचं नाही. नाहीतर वर्षाचं नशीब कापलं जातं. आजच उचलून ठेवा. विसरायचं नाही. त्यांना सांग.

प्रमोदिनीबाईंचे डोळे भरले. वामनराव घाबरले. "काय झालं वं? रागावल्या का?"

"रागावल्या नाहीत हो. हुकूम करून राहिल्या. परक्याले कोणी असा हुकूम करते का?" मग फोनकडं वळून त्या म्हणाल्या, "ठेवते हो, ठेवते. आमच्याकडं ग्रहणात नसतो चालवत. तसंच ना?"

तिकडून उत्तर आलं. काय ते कळलं नाही. सूर 'हाव'चा होता.

संध्याकाळी हुईमिननं मला उरलेल्या लाल कागदात गुंडाळलं आणि प्रमोदिनीबाईंच्या कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं. देवकीबाईंनी ट्रंकेत ठेवलं होतं तसंच, अगदी त्याच बाजूनं. मला आयुष्यातली पहिली सुट्टी मिळाली.

सुट्टीत मी काही पाहिलं नाही, पण ऐकलं. सकाळी वामनरावांनी दुधाची पिशवी दातानं फोडली, आणि सदरा बदलावा लागला. मग ते कपाटाशी आले.

"कैची दे वं जरा. फाटकावरचा बोर्ड काढतो. तार कापावी लागते."

मी कागदात शहारले. हुईमिनच्या चपला वाजल्या.

"बाबा! आज नो कैची. बस झालं."

वामनराव थांबले. मग फाटकाशी गेले, पुढचं मला मागाहून घरातल्या बोलण्यातून कळलं. तार बोटांनी सोडवत बसले, एकेक पीळ उलटा फिरवत. बऱ्याच वेळानं आत आले ते बोर्ड काखेत आणि बोटं तोंडात धरून. बोर्डाची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर आता गाड्या कुठं लावायच्या ते लिहिलं आहे. फाटकावरून पार्सलं आत येतात. घोडा भिंतीवर आहे. घरी येणारे त्याला बैल म्हणतात आणि प्रमोदिनीबाई दर वेळी दुरुस्त करतात.

मित्रांनो, मनोगताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागते. काम झालं की आम्हाला पुसा. ओट्यावर ओलं टाकू नका. तेलाचा एक थेंब पुरतो. वर्षातून एक दिवस आम्हाला उचलून ठेवा, आणि त्या दिवशी जे सुटण्यासारखं असेल ते हातानं सोडवून बघा. बोटं दुखतात, पण सुटतं. आणि तारेला आम्हाला लावू नका. तारेसाठी पक्कड असते. आमची अजून भैयाजींकडं आहे.